कोबा उचलणारे भाऊराव

भाऊराव गजभिये कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी अंगणात टाच आपटायचे. एकदा, दोनदा, मग दोन पावलं सरकून पुन्हा एकदा. रामराम, पाणी, चहा हे सगळं नंतर. एकदा तर ते दुःखाच्या घरी भेटायला गेले होते. मंडळी माना खाली घालून बसलेली, आणि यांनी दारातल्या कोब्यावर टाच मारून मोठ्यांदा सांगितलं, "इथं पोकळ हाय. पावसाळ्याच्या आत बघून घ्या." त्या दिवसापासून नीलाबाईंनी आपल्या नवऱ्याला दुःखाच्या घरी एकट्यानं जाऊ दिलं नाही. पण त्या घरचा कोबा त्याच पावसाळ्यात खचला, आणि "मी सांगतलं होतं" असं म्हणायला भाऊराव मोकळे झाले.

"मी सांगतलं होतं" हे त्यांचं लाडकं वाक्य. लखनौच्या त्या सरकारी वसाहतीत ते सगळ्यांना पाठ होतं. भाऊराव वसाहतींची डागडुजी करणाऱ्या शाखेत वर्क-मिस्त्री होते. पगार मिस्त्रीचा, रुबाब चीफ इंजिनियरचा. घराभोवती पावसाचं पाणी भिंतीपासून लांब जावं म्हणून काँक्रीटचे चौकोन ओततात. वर्ध्याकडं त्याला कोबा म्हणतात, लखनौचे लोक फर्श म्हणतात. तो कोबा कुठं खचला, कलला, हलायला लागला की बाकीचे मिस्त्री घण घेऊन यायचे. भाऊराव घणाला हात लावायचे नाहीत. "फोडाले अक्कल लागत नाही," ते म्हणायचे, "उचलाले लागते."

ही अक्कल त्यांनी दोन ठिकाणांहून गोळा केली होती. पहिलं ठिकाण त्यांचं गाव, हिंगणघाटच्या पलीकडचं. तिथली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन अशी फुगते की घराचा उंबरा वर येतो आणि दारं लागत नाहीत. तिथला शहाणा मिस्त्री कोबा घालण्याआधी हातभर काळी माती उकरून फेकतो आणि त्या जागी जाड रेतीची गादी देतो. खालची माती काय फुगायची ती रेतीत फुगते, वरचा कोबा शाबूत राहतो. भाऊरावांच्या वडिलांनी त्यांना वारसा म्हणून काही दिलं असेल तर ती ही रेतीची गादी.

दुसरं ठिकाण म्हणजे पुलांवर काम करणारी एक टोळी. तिथं विटांच्या जुन्या खांबांच्या भेगांत हातपंपानं सिमेंटचा घोळ भरायचं काम चालायचं. पंपाच्या दांड्यावर बबन रामटेके, नळीच्या तोंडाशी भाऊराव. दोघं एकाच तालुक्याचे, बबन आठ वर्षांनी लहान. एकाहत्तर साली दोघंही लखनौला सरकारी नोकरीत लागले, एकाच वसाहतीत राहिले, आणि बबननं भंगारात निघालेला एक हातपंप विकत घेऊन दुरुस्त केला. जो घोळ आडव्या भेगेत जातो तो कोब्याखालीही जाईल, आणि आत मावेनासा झाला की कोब्यालाच वर उचलेल, हे डोकं भाऊरावांचं. पंप बबनचा. चाळलेली माती, थोडं सिमेंट, मूठभर चुना, आणि पिठल्याएवढा घट्ट घोळ. छिन्नी फिरवत फिरवत चौकोनात अंगठ्याएवढं भोक पाडायचं, नळीला गोणपाट गुंडाळून त्यात ठोकायची, बाजूला दोरी ताणायची. भाऊराव कोब्यावर तळहात ठेवून बसायचे आणि म्हणायचे, "येऊ दे." बबन दांडा मारायचा. तळहाताखाली कोबा हलला की "दम!" दम म्हटल्यावर बबननं अर्धा दांडाही जास्त मारला असं कधी झालं नाही. एक हात जास्त बसला तर कोब्याला तडा जातो आणि केलेलं सगळं पाण्यात.

बघता बघता दोघांचं नाव झालं. सुटीच्या दिवशी लांबून बोलावणी यायची. चौक बाजारात चिकनकारी कापडाच्या एका व्यापाऱ्याचं जुनं अंगण त्यांनी सपाट करून दिलं, तेव्हा व्यापारी हात जोडून म्हणाला, "मिस्त्री साहब, आपने तो बैठी हुई ज़मीन को खड़ा कर दिया." लखनवी माणूस. त्याला उत्तरही तसंच नजाकतीचं हवं होतं. भाऊराव म्हणाले, "वह सब ठीक है, पहले अपनी नाली साफ करवाइए." बबन रस्ताभर हसत होता.

वसाहतीच्या कोपऱ्यात बौद्ध मराठी कुटुंबांनी पंच्याहत्तर साली विहार बांधला. तीस-बत्तीस घरं. कुणी टपाल खात्यात, कुणी रेल्वेत, कुणी टेलिफोनमध्ये. वसाहत सांभाळणाऱ्या खात्यानं जागा वापरायची परवानगी दिली होती, एवढाच आधार. बाकी विटा, सिमेंट, घाम सगळा घरचा. विहाराभोवती तीन बाजूंनी सव्वीस चौकोनांचा कोबा भाऊरावांनी स्वतः घातला आणि त्याखाली दिली आपली हिंगणघाटची रेतीची गादी. गोमतीकाठची बारीक राखाडी माती त्यांना पसंत नव्हती. त्यांनी ट्रकनं जाड लाल रेती आणवली, हातभर मातीच्या जागी हातभर रेती भरली आणि लोकांना सांगितलं, "आता शंभर वर्षं पाहाचं काम नाही." पुढच्या वर्षी बबननं पाय धुवायला नळ बसवला आणि त्याचा पाइप कोब्याखालून भिंतीच्या कडेनं आणला. तिथं दर रविवारी वंदना, मुलांची शिकवणी, कुणाचं लग्न, कुणाचं नामकरण असं सगळं होऊ लागलं. परक्या शहरात माणसाला आपली म्हणून एक जागा लागते, ती त्यांना मिळाली.

एक्याऐंशीच्या पावसात नळाजवळचे चार चौकोन खचले. लोक जमले. भाऊरावांनी टाच आपटली, मान डोलावली आणि निकाल दिला, "बबनचा पाइप गळून राहिला. खालची रेती वाहून नेली त्यानं."

"भाऊ, पाइप भरून बघू ना एकदा," बबन म्हणाला. "तोंड बंद करून पाणी भरू. उतरलं तर माझी चूक."

"बघाचं काय त्यात? टाच सांगते."

एवढंच झालं. भांडण नाही, आवाज नाही. पण भाऊरावांचा शब्द म्हणजे वसाहतीत कोर्टाचा निकाल. ज्यानं त्यानं तोच धरला. "बबनच्या पाइपानं विहाराची वाट लावली" असं बायका पाण्याच्या नळावर बोलू लागल्या, आणि कुणीतरी ते सरोजवहिनींच्या, म्हणजे बबनच्या बायकोच्या तोंडावरही बोललं. बबननं चार महिन्यांत विमानतळाकडं बदली मागून घेतली आणि बिऱ्हाड अमौसीला नेलं. जाताना पंप घेऊन गेला. तो विहारात पुन्हा आला नाही. भाऊरावांनी चार चौकोनांखाली पहारेनं माती ठोसून वेळ मारून नेली, पंपाविना छोटी कामं करत राहिले, आणि बबनचा विषय निघाला की म्हणायचे, "लागलं त्याले. पण खरं तर खरंच ना!"

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये खात्याचं पत्र आलं. हिवाळी पावसाचं पाणी विहाराच्या भिंतीशी महिनाभर साचून राहिलं होतं आणि ते कुणा अधिकाऱ्यानं पाहिलं होतं. पत्रात सरळ लिहिलं होतं: मेअखेर तपासणी होईल, कोबा खचलेला आणि पाणी पायात मुरताना आढळलं तर इमारत धोकादायक ठरवून परवानगी रद्द करण्यात येईल. विहाराचे सेक्रेटरी सदाशिवराव खोब्रागडे यांनी ते सभेत वाचून दाखवलं. मग सगळ्या माना भाऊरावांकडं वळल्या.

"काय घाबरता?" भाऊराव उठून म्हणाले. "मी हाय ना. कोबा मी घातला, मीच उचलतो. साहेबाले हातात बादली द्या आन् म्हणा, कुठंबी ओता."

लोकांच्या जिवात जीव आला. भाऊरावांनाही बरं वाटलं. आपल्या घरचं कार्य समजून ते दुसऱ्या दिवशी सकाळीच छिन्नी-हातोडी घेऊन विहारावर हजर झाले.

त्यांची एक पद्धत होती. रोग पाहिल्याशिवाय औषध द्यायचं नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे गळका पाइप काढून टाकणं. तो नेमका कुठं गळतो हे कळावं म्हणून त्यांनी पाइपाच्या एका तोंडात लाकडी बूच ठोकलं, दुसऱ्या तोंडानं काठोकाठ पाणी भरलं आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर पाणी जिथल्या तिथं. पाइपात कुठं हवा अडकली असेल म्हणून त्यांनी पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशीही बोटभर उतरलं नाही.

 भाऊरावांनी नळाजवळच्या चौकोनात भोक पाडून आत सळई घातली. चार बोटं पोकळी. ती अपेक्षितच होती. मग ते उठून विहाराच्या मागच्या बाजूला गेले, पाइपापासून वीस फुटांवर. तिथला कोबा दिसायला अगदी सरळ होता. गेल्या चार वर्षांत त्यावर त्यांनी कधी टाच आपटली नव्हती, कारण स्वतःच्या कामावर कोण टाच आपटतो? त्यांनी भोक पाडलं. सळई घातली. ती हातातून सुटून आत गेली.

मग ते कोब्याच्या कडेनं नालीपर्यंत चालत गेले आणि वाकून बघितलं. नालीच्या तळाशी राखाडी गाळात लाल जाड रेतीचा पट्टा पडला होता. गोमतीकाठच्या मातीत तशी रेती नसते. ती त्यांनीच ट्रकनं आणवली होती. पायाखालची वाळू सरकली असं आपण म्हणतो. भाऊरावांची खरोखरच दहा वर्षं सरकत होती, आणि ती सरकून कुठं गेली ते आता त्यांच्यासमोर होतं.

इथली माती फुगत नव्हती. भेगा पडत नव्हत्या. रेतीच्या गादीची इथं गरजच नव्हती. वरचं पाणी सांध्यांतून खाली जाई आणि मोकळी रेती हळूहळू नालीकडं नेई. नळाजवळ पाणी जास्त म्हणून तिथं आधी खचलं. बाकीचे बावीस चौकोन आज ना उद्या खचणारच होते. हिंगणघाटात जे शहाणपण होतं तेच लखनौत खड्डा ठरलं होतं, आणि ते करताना भाऊरावांनी इथल्या एकाही मिस्त्रीला विचारलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात. भाऊरावांचं अंगण खरंच वाकडं होतं आणि ते त्यांनीच केलं होतं. ते कोब्याच्या कडेवर बसले. लाज वाटली, आणि त्याहून जास्त बबनची आठवण आली.

रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. नीलाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "चार चौकोन पहारेनं उचलले तं साहेबाले सरळच दिसन. कोणाले काही समजणार नाही."

"आन् मंग पुढच्या पावसात?"

"पुढच्या पावसात बाकीचे बसतीन."

"तवा कोणाचा पाइप धराल?" नीलाबाईंनी ताट उचललं. "तुमाले लोक काहून इचारतात मालूम हाय का? तुमी तोंडावर खरं सांगता म्हून. टाच तं घोडाबी आपटते."

त्यांची मुलगी शैला बी.ए.च्या परीक्षेचा अभ्यास करत होती. ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, अमौसी की बस चारबाग से मिलती है." लखनौत वाढलेली पोर. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं.

रविवारी भाऊराव अमौसीला गेले. बबनच्या क्वार्टरच्या अंगणात त्यांनी टाच आपटली नाही. सरोजवहिनींनी दार उघडलं, जयभीम घेतला, पाणी आणून दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. बबन आतून आला. केस पिकले होते. त्यानं खुर्ची पुढं केली.

भाऊराव उभेच राहिले. "बबन, तुझा पाइप गळत नाही," ते म्हणाले. "मी दोन दिवस भरून ठेवला. माझी रेती गेली. सगळ्या कोब्याखालून गेली."

 बबन म्हणाला, "मले मालूम हाय."

"कवापासून?"

"दुसऱ्या वर्षी आलतो एकदा, क्वार्टरचा कागद घ्याले. नालीत लाल रेती पाह्यली."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमची टाच बोलली होती ना, भाऊ. तिच्यापुढं माझं कोण आयकते?" बबनचा आवाज चढला नाही, पण हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला होता. "तुमी एकदा पाइप भरून पाह्यला असता तं संध्याकाळपर्यंत समजलं असतं. मी तेवढंच मागतलं होतं."

  भाऊराव म्हणाले, "माझं चुकलं. मले सव्वीस चौकोन उचलाचे हायेत आन् पंप तुझ्याकडं हाय. पंप नाही देला तरी चालते. पण दांड्यावर तूच पाहिजे. दुसऱ्याले दम म्हटल्यावर थांबता येत नाही."

सरोजवहिनी दारात उभ्या होत्या. त्या मध्येच बोलल्या, "भाऊजी, हे आमच्या घरात सांगून काय फायदा? आमाले तं मालूमच होतं. ज्यायनं नावं ठेवली त्यायले सांगाल का?"

"सांगीन."

"कवा?"

"सगळे असतीन तवा. साहेब येईन त्या दिवशी." भाऊरावांनी एवढं म्हटलं आणि मग खुर्चीवर बसले.

पुढचे सहा रविवार काम चाललं. एप्रिल सरला, मे लागला, गरम वाऱ्याची लू सुटायच्या आत म्हणून पहाटे सुरू करून दहाला थांबायचं. आधी नालीकडची कड विटांनी बंद केली, म्हणजे भरलेलं वाहून जाणार नाही. मग एकेक चौकोन. भाऊरावांना स्वतःच्या चुकीची लाज असली तरी हातातल्या कलेची लाज नव्हती. काम सुरू झाल्यावर त्यांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा वसाहतभर ऐकू येऊ लागला. "येऊ दे... येऊ दे... दम!" कोबा दोरीला येऊन टेकायचा, केसभर खाली नाही, केसभर वर नाही. बबन दांड्यावर वाकलेला असायचा. कामाचं बोलणं सोडून तो दुसरं काही बोलत नसे. चहा आला की लांब जाऊन पिई.

सदाशिवराव तिसऱ्या रविवारी बघायला आले आणि बुचकळ्यात पडले. "भाऊराव, खचले चार आणि उचलता सव्वीस?"

भाऊरावांनी त्यांना खरं काय ते सांगितलं. सदाशिवरावांचा चेहरा उतरला. टपाल खात्यात हेडक्लार्क असलेला माणूस. कागद काय करू शकतो हे त्यांना ठाऊक होतं. "हे साहेबासमोर बोलू नका," ते हळूच म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. पाइप गळत होता, दुरुस्त केला, संपलं. सगळ्या कोब्याखाली पोकळी होती असं त्याला कळलं तर तो म्हणेल, पायाचा काय भरवसा? विहार जाईल आपला. साहेब गेल्यावर मग काय सांगायचं ते आपसात सांगा."

भाऊरावांनी बबनकडं पाहिलं. बबन पंप पुसत होता. त्याला ऐकू गेलं होतं.

तपासणीचा दिवस उजाडला. सुटी टाकून सगळी घरं जमली होती. बायकांनी विहार धुऊन काढला होता. सरोजवहिनीही आल्या होत्या, बाकीच्या बायकांपासून थोड्या अलग उभ्या. खात्याचे इंजिनियर जैदीसाहेब जीपमधून उतरले. मवाळ बोलणारा, पण एकही खिळा नजरेतून न सोडणारा माणूस. त्यांनी पाण्याच्या बादल्या मागवल्या आणि भिंतीशी पाच ठिकाणी ओतायला लावल्या. पाणी क्षणभरही न रेंगाळता नालीकडं चालतं झालं. साहेबांनी वाकून कोब्याची कड पाहिली, सांधे पाहिले, भरलेली भोकं पाहिली.

"कमाल है, गजभिये साहब," ते म्हणाले. "बिना तोड़े? हम तो मान बैठे थे कि सब उखड़ेगा." त्यांनी फाइल उघडली. "तो वजह लिखता हूँ, पाइप का रिसाव. अब दुरुस्त. ठीक है?"

"जी, बिलकुल," सदाशिवराव चटकन म्हणाले.

बबन पंपाची नळी गुंडाळत होता. त्याचे हात थांबले, पण त्यानं वर पाहिलं नाही.

"नहीं साहब," भाऊराव म्हणाले. "पाइप मत लिखिए."

सदाशिवरावांनी त्यांचा सदरा मागून ओढला. भाऊरावांनी तो सोडवून घेतला आणि लोकांकडं तोंड केलं. घसा खाकरला. "आयका सगळे," ते मराठीत म्हणाले. "चार वर्षांपूर्वी मी याच जागेवर उभा राहून सांगतलं का बबनचा पाइप गळते. तो गळत नव्हता. तेव्हाबी नाही, आताबी नाही. मी पाह्यलाच नाही आन् बोललो. कोब्याखाली रेती मी घातली, ती इथं चालत नाही, हे मले समजलं नाही. सगळं अंगण माझ्यानं बसलं. आन् तुमी बबनले जे जे बोलले ते माझ्या भरोशावर बोलले." मग ते साहेबांकडं वळले आणि तेच सगळं हिंदीत सांगितलं, एक शब्द कमी न करता.

 जैदीसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "यह तो दूसरी बात हुई," ते म्हणाले. "पूरे फर्श के नीचे खाली था? फिर मैं कैसे मान लूँ कि अब नहीं है? ऊपर से तो पहले भी सीधा दिखता था."

 सदाशिवरावांनी कपाळाला हात लावला.

"मानिए मत," भाऊराव म्हणाले. आवाज असा ठणठणीत की जणू हाच प्रश्न विचारला जावा म्हणून ते थांबले होते. "छब्बीस चौके हैं. जिस पर आप पैर रखें, उसी में छेद करता हूँ. सरिया एक अंगुल भी अंदर गया तो ताला आप लगाइए, चाबी मैं खुद दूँगा."

साहेबांनी पुढचे चौकोन सोडले. चालत मागच्या बाजूला गेले, अगदी कोपऱ्यात, जिथं कुणी जात नसे, आणि बूट ठेवला. भाऊराव गुडघे टेकून बसले. छिन्नी फिरू लागली. ठोके मोजावेत इतकी शांतता होती. भोक पडलं. त्यांनी सळई साहेबांच्याच हातात दिली. साहेबांनी ती आत घातली, दाबली, मग दोन्ही हातांनी जोर लावून दाबली. सळई जागची हलली नाही. त्यांनी आणखी दोन जागा दाखवल्या. तिथंही तेच झालं.

जैदीसाहेब हात झटकत उठले आणि जीपच्या बॉनेटवर फाइल ठेवून लिहू लागले. लिहिता लिहिता म्हणाले, "मियाँ, तीस साल की नौकरी में पहली बार कोई अपनी गलती लिखवाने के लिए झगड़ रहा है." त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. कारण: भरावात रेती, कोबा घालणारे भाऊराव गजभिये. पाइप निर्दोष. इमारत सुरक्षित, परवानगी पुढं चालू. बायकांमध्ये एकदम गलका झाला. दोघीतिघी सरोजवहिनींकडं गेल्या, आणि त्यांतल्या एकीनं त्यांचा हात धरला.

"एक कॉलम और है," साहेब म्हणाले. "मरम्मत किसने की?"

"लिखिए, बबन रामटेके," भाऊराव म्हणाले. "पंप उनका, मेहनत उनकी."

बबन नळीचं भेंडोळं खाली ठेवून पुढं आला. त्यानं साहेबांकडं पाहिलं नाही. भाऊरावांकडं पाहिलं आणि म्हणाला, "दोघायनं."

साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी पेन तसंच धरून भाऊरावांकडं पाहिलं.   पण भाऊरावांनी मान फिरवून उपरण्यानं तोंड पुसायला सुरुवात केली.

"दोनों ने, अंकल," मागून शैला म्हणाली. "दोनों ने मिलकर."

साहेबांनी दोन्ही नावं लिहिली.